ओल सिंकची नव्हतीच: १९७८ च्या घरातलं किचन मुळापासून उखडलं त्याची सगळी हकीकत

किचन बदलायचं बदलायचं असं आमच्याकडे किती वर्षं चाललं होतं देव जाणे, शेवटी मुहूर्त लागला तो एका प्लगमुळे. इंडक्शन आणि किटली एकत्र लावली, पाच मिनिटांत जळका वास, प्लग काढून बघते तर पिना चटका बसेल इतक्या गरम आणि सॉकेटची एक बाजू तपकिरी झालेली. म्हटलं आता बास, आता करायचंच.

आधी घराचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. घर बैठं, १९७८ चं, विटांच्या भिंतींवर स्लॅब, बाबांनी बांधून घेतलेलं. किचन ८ बाय १० फूट. एका भिंतीला ओटा, खाली कडप्प्याचे कप्पे आणि पुढे पडदा, कोपऱ्यात सिंक, वर माळा. फ्रिज बाहेर पॅसेजमधे कारण आत त्याच्यासाठी प्लगच नाही. किचनच्या सिंकवाल्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम, हे लक्षात ठेवा. राहतो आम्ही दोघीच, आई आणि मी. दादा परगावी असतो आणि व्हिडिओ कॉलवरून सल्ले देतो, त्याच्यावर पुढे येतेच.

सिंकच्या खालच्या कोपऱ्यात ओल होती. जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत पोपडे, वर पांढरा लोणा, हात लावला की पीठ पडल्यासारखं गळायचं. तीन वेगवेगळ्या प्लंबरनी येऊन सिंकचा वेस्ट पाइप बदलला होता, एकाने खालून सिमेंट थापून दिलं, दर वेळी दोन महिने बरं आणि मग परत तेच. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की सिंक गळतंय. आई मात्र मधूनमधून म्हणायची, "अगं कपडे धुतले की जास्त काळं पडतं ते." आम्ही हो हो म्हणून सोडून द्यायचो. कपडे धुण्याचा आणि किचनच्या ओलीचा काय संबंध, असं.

दादाचं म्हणणं मधली भिंत पाडून ओपन किचन करू, हल्ली सगळे करतात. भिंत ९ इंची, त्यामुळे मला शंका होतीच, पण मिस्त्री म्हणाले, "ताई, पाडून टाकू, वरती गर्डर टाकू, काही होत नाही." हे 'काही होत नाही' ऐकलं की मला जास्त भीती वाटते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी गच्चीवर जाऊन पाहिलं, स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) कुठल्या बाजूने कमी आहे ते मोजलं, माळ्यावर चढून थोडं प्लास्टर उडवून कुठे बीम आहे का ते बघितलं. बीम नव्हताच, स्लॅब सरळ त्या भिंतीवर टेकलेला. नुसत्या जाडीवरून ठरत नाही म्हणाले, ९ इंचीवरही कधीकधी काही भार नसतो आणि साडेचार इंचीवर असू शकतो. आमच्या केसमधे भिंत ठेवायची, विषय संपला. दादा दोन दिवस फुगला होता.

मग त्याला समजावायला मी फ्रँकफर्ट किचनचं उदाहरण काढलं. १९२६ मधे मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी ते डिझाइन केलं, साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे ७० चौरस फूट सुद्धा नाही, आगगाडीच्या डायनिंग डब्यातलं किचन बघून सुचलेलं, आणि तशी जवळजवळ दहा हजार किचनं बसवली गेली. आमचं ८० चौरस फूट आहे. जागा कमी नव्हती, मांडणी गंडलेली होती. मी टेप घेऊन सिंक ते गॅस, गॅस ते फ्रिज, फ्रिज ते सिंक अशी चाल मोजली तर एकूण ३१ फूट भरली, त्यातली बरीचशी पॅसेजपर्यंतची ये-जा. ही बेरीज साधारण १३ ते २६ फुटांत असावी असा जुना ठोकताळा आहे (एकटं माणूस काम करतंय असं धरलेला, दोघी एकदम शिरलो की तो काही कामाचा नाही). नुसता फ्रिज आत आणला आणि सिंक दीड फूट सरकवलं तर कागदावर ती १४ वर आली. भिंत न पाडता.

तोडायला सुरुवात करायच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात तात्पुरतं किचन मांडलं. एक टेबल, इंडक्शन, दोन बादल्या. इथे एक सांगते, स्वैपाक कुठेही होतो, हाल होतात ते भांडी घासायचे. नऊ आठवडे वाकून बादलीत भांडी घासली आम्ही. ठरलं होतं पाच आठवड्यांचं.

पहिला दिवस म्हणजे नुसती धूळ. दाराला प्लास्टिक लावायचं हे मला माहीत होतं, लावलंही, पण फक्त चिकटपट्टीने वरून, खालून उघडं, त्यामुळे भिंत फोडायचा ब्रेकर सुरू झाल्यावर तासाभरात आतल्या खोलीतल्या कपाटातल्या साड्यांवर सुद्धा पांढरा थर. दुसऱ्या दिवशी मग नीट केलं, दोन पडदे एकावर एक, खाली ओलं गोणपाट, आणि तोडायच्या आधी भिंतीवर पाणी मारायचं. राबिट (तोडफोडीचा मलबा) भरायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्या अर्ध्याच भरायच्या, पूर्ण भरली की कोणाला उचलत नाही आणि जिन्यात, नाहीतर अंगणात फाटते.

आणि एक प्रसंग. ओट्याच्या वर जुना करडा सिमेंटचा पाइप होता, पूर्वी धूर बाहेर जायला लावलेला. कामावरचा पोरगा हातोडा उचलून मारणार तेवढ्यात मी ओरडले. त्या काळातल्या सिमेंटच्या पाइपात आणि पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, आणि तो जोवर अख्खा आहे तोवर ठीक, फोडला, कापला, ड्रिल मारला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुफ्फुसात बसतात. नुसतं बघून कळत नाही, लॅबमधे तपासावं लागतं, म्हणून आहे असंच धरून चाललो. पाइप ओला केला, आजूबाजूचं प्लास्टर खरवडून अख्खा सोडवला, दुहेरी प्लास्टिकमधे गुंडाळला आणि असला कचरा घेणाऱ्यांकडेच दिला. मिस्त्रींच्या मते हे सगळं नाटक होतं. असू दे.

टाइल्स उखडल्यावर खरं किचन दिसलं. पाण्याचा पाइप जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा), १९७८ चाच. कापलेला तुकडा मी अजून ठेवलाय, बाहेरून अर्धा इंची आणि आत बघितलं तर गंज साठून साठून भोक पेन्सिल जाईल एवढंच राहिलेलं. जस्ताचा थर गेला की आतून लोखंड गंजतं आणि गंजाच्या गाठी वाढत जातात, म्हणजे आम्ही जे 'नळाला प्रेशर नाही' म्हणून वरच्या टाकीला दोष देत होतो ते इथे अडकलेलं होतं. सगळा काढून सीपीव्हीसी (न गंजणारा प्लास्टिकचा पाइप) टाकला.

वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचं, लाकडी पट्टीतलं, दोनच वायरी, अर्थिंग नाहीच. अ‍ॅल्युमिनियम नरम असतं, तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि थंड झालं की आकसतं, असं हजारदा झालं की स्क्रूखालचा जोड सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, जोड तापतो, तापला की अजून सैल. आमचा तपकिरी सॉकेट असा झाला होता. हिशोब केला तर इंडक्शन २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर, किटली १५०० ची म्हणजे साडेसहा, दोन्ही मिळून १५ च्या वर, आणि हे सगळं ५ अँपिअरच्या सॉकेटला मल्टीप्लग लावून. आग लागली नाही हे नशीब. आता तांब्याच्या वायरी, दिव्यांना दीड चौरस एमएमची वेगळी लाइन, १६ अँपिअरच्या सॉकेटना अडीचच्या दोन लाइनी, इंडक्शनला एकट्याला चारची, प्रत्येकाला आपापला एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंगचा नवा खड्डा, आणि या सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला, म्हणजे शॉक बसायला लागला, की लगेच वीज तोडणारा). किचनमधे ओले हात असतात, त्यामुळे ह्या शेवटच्या वस्तूवर काटकसर करू नका.

इलेक्ट्रिशियनशी एक भांडण झालं ते खाच मारण्यावरून. त्याला चार फुटांवरून आडवी खाच मारत अख्खी भिंत ओलांडायची होती, वायर वाचते म्हणून. विटांच्या भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत आणि आडवी एक षष्ठांशापर्यंतच मारावी असा नियम आहे. बाथरूमकडची भिंत साडेचार इंची, म्हणजे आडवी पाऊण इंच, आणि पाइप त्याचा एक इंची. बसतच नाही. मग सगळ्या लाइनी माळ्याच्या वरून फिरवल्या आणि प्रत्येक बोर्डाला वरून सरळ खाली उतरवल्या. वायर जास्त लागली, पण त्यामुळे आता कुठल्याही स्विचच्या सरळ वर वायर आहे आणि बाकी कुठे नाही, हे मला झोपेत पण माहितीये.

आता ओलीचं. सिंक काढलं, पाइप काढले, पाण्याची किचनची लाइन पूर्ण बंद केली, कोपऱ्यातलं प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं. चार दिवस गेले. सिंकच नाही म्हटल्यावर कोपरा वाळायला पाहिजे ना? विटा तशाच काळ्या. मिस्त्री म्हणाले जुनी ओल आहे ताई, मुरलेली, हळूहळू जाईल, वॉटरप्रूफिंगचा कोट मारू आणि टाइल्स लावून टाकू. आणि खरं सांगते, मी हो म्हणणार होते. सामान अंगणात येऊन पडलेलं, भांडी बादलीत, सगळ्यांना घाई.

त्या संध्याकाळी आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "आज शनिवार. उद्या चादरी धुते, मग बघ."

रविवारी तिने चादरी धुतल्या. दुपारी चारच्या सुमाराला मी टॉर्च घेऊन बसले तर खालच्या तिसऱ्या थरातल्या दोन विटांच्या मधल्या सांध्यातून ओलसर चकाकी, आणि संध्याकाळपर्यंत ती वीतभर वर चढलेली. माझ्या डोळ्यांसमोर. मी काही बोलले नाही, आईपण नाही, तिने फक्त पदराला हात पुसले.

तरी खात्री करायला सोमवारी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) पाइपाचं बाहेरचं तोंड कापडाचा बोळा घालून बंद केलं आणि ट्रॅपमधे पोटॅशिअम परमँगनेटचं जांभळं पाणी भरून ठेवलं. मंगळवारी सकाळी पातळी चार बोटं खाली आणि आमच्या बाजूच्या सांध्यात फिकट गुलाबी रेघ. म्हणजे सिंक बिचारं निर्दोष होतं. बाथरूमला पंधरा-वीस वर्षांपूर्वी जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स लावल्या होत्या, फरशी दोन इंच वर आली, पण ट्रॅप खालीच राहिला, मधली जागा नुसत्या सिमेंटने भरलेली. त्याला तडा. एक बादली ओतली तर फारसं काही नाही, पण कपडे धुताना पाणी ट्रॅपच्या वर चढायचं आणि त्या तड्यातून भिंतीत. तीन प्लंबरना तीनदा पैसे दिले ते सिंकचे पाइप बदलायला, आणि जिला कारण माहीत होतं ती घरातच होती.

म्हणून कोणाला सांगायचं झालं तर ओल असेल तर आधी तिची वही करा. कधी वाढते, कधी कमी होते, त्या दिवशी घरात पाण्याचं काय काय झालं. नळाची लाइन गळत असेल तर ओल चोवीस तास सारखी राहते कारण पाइपात दाब कायम असतो, सांडपाण्याची असेल तर वापराबरोबर वरखाली होते, पावसाची असेल तर पावसाबरोबर. एवढं जरी आम्ही लिहून ठेवलं असतं तर आईचं बोलणं तेव्हाच पटलं असतं.

मग बाथरूमचा तो कोपरा पण फोडावा लागला, जे बजेटमधे नव्हतंच, आणि बारा दिवस किचनचं काम ठप्प. नवीन ट्रॅप, पाइपाला ४० ला १ चा उतार (म्हणजे ४० इंच लांबीला एक इंच खाली), फरशी आणि भिंत भेटते तिथे मोर्टारची गोलाई, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. मग ट्रॅपला बोळा लावून ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली. दोन दिवसांत खुणेखाली केसभर गेलं, ते वाफ होऊन जाणारच. किचनच्या बाजूला कोरडं.

पण कोरडं म्हणजे नवीन ओल नाही एवढंच, जुनी भिंतीत मुरलेली असतेच. विटेची भिंत इंचाला साधारण महिना या चालीने वाळते म्हणतात. तेवढं थांबणं शक्य नव्हतं, पण निदान त्या कोपऱ्याचं प्लास्टर सगळ्यात शेवटी ठेवलं, पंखा लावून. अधूनमधून हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी आत दव जमलंय का बघायचं. पहिल्यांदा थेंब, मग नुसती वाफ, पाचव्या वेळी स्वच्छ. तेव्हा प्लास्टर.

ह्या उशिराच्या घाईत माझी एक मोठी चूक झाली. ट्रॉल्यांचं माप मी प्लास्टर व्हायच्या आधी देऊन टाकलं, म्हटलं त्यांचं काम तिकडे चालू राहील. उघड्या विटांपासून उघड्या विटांपर्यंतचं माप. त्यावर दोन्हीकडे प्लास्टर, चिकटवायचा मसाला आणि टाइल मिळून एकेका बाजूला जवळजवळ इंच, म्हणजे दोन्हीकडचे दोन इंच मी विसरले. ट्रॉल्या आल्या, शेवटची बसेना. ४५० मिमीची ट्रॉली ४०० ची करून आणायला आठ दिवस. चूक पूर्ण माझी, बनवणाऱ्याने दोनदा विचारलं होतं की टाइल्स झाल्या का.

ओट्याची उंची हा वेगळाच तमाशा. आई ४ फूट ११, मी ५ फूट ६. कोपर वाकवून उभं राहिलं की कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा, आईला ते ३२-३३ येतं, मला ३६-३७. सगळीकडे ३४ करा म्हणाले सगळे, म्हणजे दोघींनाही गैरसोय. आम्ही गॅसचा भाग ३२ केला, कारण शेगडी स्वतःच तीन-चार इंच वर येते आणि त्यावर उंच भांडं, आई तिथेच जास्त असते. कापायचा आणि सिंकचा भाग ३६, कारण सिंकमधे हात तळाशी जातात, ओट्याच्या उंचीवर नाही, आणि भांडी घासते मी. दोन पातळ्यांमधे चार इंचाची पायरी दिसते, दादाला ती बघून कसंतरी होतं. वर ग्रॅनाइट, संगमरवर नको कारण आंबट काही सांडलं की त्यातली चुनखडी विरघळते आणि चकाकी जाते. खालच्या खोक्यांना मरीन प्लाय, कापलेल्या सगळ्या कडा बंद करून, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच.

राहिलेल्या गोष्टी: ओव्हनचा सॉकेट ओव्हनच्या बरोबर मागे गेलाय, बंद करायला ओव्हन ओढावा लागतो. फ्रिजचं दार ९० अंशांच्या पुढे उघडत नाही, भिंत आड येते, त्यामुळे खालचा कप्पा काढून धुवायचा म्हणजे फ्रिज हलवा. दोन्ही कागदावर कळली असती, कळली नाहीत.

एक गोष्ट मात्र बरोबर केली. प्लास्टर करायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, टेप लावून, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून, प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर. तीन महिन्यांनी आईला सिंकच्या वर एक हुक हवा होता, बरोबर हाताशी. फोटो उघडला, टेप धरलेला माझा अंगठा आणि त्याच्या बाजूला गरम पाण्याचा पाइप, कोपऱ्यापासून १४ इंचांवर. आईने बोट ठेवलेलं तिथे टेप लावला तर १४. हुक १८ वर लावला. लांब पडतो म्हणते.